पोतेरी अजून शिकली नाही

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तू "हं, हं, बरंय" एवढंच म्हणतेस आणि तेवढ्यात मागून कोणीतरी घंटी वाजवतं, म्हणून आता पत्रच लिहिते आहे. पत्र तू दुकान बंद करून, पाय पसरून, सावकाश वाचशील.

घर मिळालं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक छोटी गॅलरी. खाली घरमालकीण एकटीच राहते. ती मोठ्या इस्पितळात नर्स होती. आता निवृत्त आहे, पण ती फक्त कागदावर. पहिल्याच भेटीत तिने माझ्यादेखत दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "मी शाळाशाळांतून मुलांना स्वच्छता शिकवते. माझी नोकरीच ती आहे." तेव्हा कुठे तिने मला बसायला सांगितलं.

मग धीर करून म्हटलं, माझी आत्या राहायला येणार आहे आणि तिच्याबरोबर एक कुत्रीही.

"कशी आहे?"

"आत्या?"

"कुत्री."

गुणी आहे म्हणाले. देवा, क्षमा कर. नाव विचारलं तेव्हा जीभ अडखळली. पोतेरी म्हटल्यावर ती हसली नाही, म्हणून मीच सांगितलं की पिल्लू असताना ती ओल्या पोतेऱ्यासारखी दिसायची, दारात पडलेली असली की लोक तिला पाय पुसायचे. तरीही ती हसली नाही. म्हणाली, "जिन्यात केस नकोत, घरात वास नको, भिंतींना डाग नकोत. जमत असेल तर दुसरी खोलीही तुझी." मी शब्द दिला.

आत्या, आता तरी ये. आई-बाबा गेल्यावर बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान तू हातात घेतलंस आणि पंक्चर काढून काढून मला पदवीपर्यंत नेलंस. आपल्या घरातला तो पहिला कागद. तू तो भिंतीवर लावलास तेव्हा हातोडी सापडेना, म्हणून खिळा पान्याने ठोकलास. त्या कागदाचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो एवढाच व्हावा, की तुझ्या हातातला तो पाना सुटावा. दुसऱ्या खोलीत खिडकीशी तुझी खाट लावली आहे. खूप झालं काम. आता बस.

फक्त पोतेरीला तिथेच तयार करून आण. बाहेरून आली की उंबऱ्यावर थांबवून चारी पाय ओल्या फडक्याने पुसायचे, मग कोरड्या. केस रोज घराबाहेरच विंचरायचे. तिचं अंथरूण वेगळं, आठवड्याला गरम पाण्यात धुवायचं. खाण्याचं भांडं थाळीत ठेवायचं, म्हणजे सांडलेलं थाळीतच राहतं. आणि माणसांच्या खाटेवर झोपायचं नाही. हे तिला एकदा समजलं की झालं.

महिनाभरात येशील ना?

तुझी मास्तरीण


१९ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

पत्र मिळालं. ते इस्त्रीवाल्यासमोर उघडलं ही चूक झाली. शेजारचं दुकान म्हणजे स्वतःचंच घर समजतो तो. खांद्यावरून सगळं वाचलंन आणि म्हणाला, "आधी स्वतःची नखं उजळा, मग कुत्रीच्या पायांकडे बघा." मी म्हटलं, तू तुझ्या कॉलरी बघ.

घर मिळालं हे फार चांगलं झालं. गॅलरी आहे म्हणजे कपडे वाळतील.

आता तुझ्या विद्यार्थिनीचा अहवाल. पाय पुसायला फडकं काढलं की तिला वाटतं खेळायला काढलंय. एक टोक तिच्या तोंडात, दुसरं माझ्या हातात, आणि गिऱ्हाईक हवा भरायला थांबलेलं. विंचरायला बसवली तर एवढे केस निघाले की त्यात आणखी एक कुत्री झाली असती, आणि ती कदाचित हिच्यापेक्षा हुशार निघाली असती. अंथरूण वेगळं घातलं. त्यावर ती बसते, मी दिवा मालवेपर्यंत. मग माझ्या पायांशी येते. मी ढकलते, ती उतरते, मी घोरायला लागले की परत चढते. मी घोरते हे तू आजवर मला खोटंच सांगतेस असं वाटत होतं, पण ही बरोबर त्या वेळेला चढते म्हणजे खरं असणार.

पण प्रयत्न करते आहे. तू शब्द दिलायस म्हणजे तो पाळला पाहिजे. महिन्याचं काही सांगता येत नाही. एवढ्या मोठ्या नर्सबाईसमोर हिला उभं करायचं म्हणजे थोडा वेळ लागणारच.

जेवतेस का वेळेवर? का मुलांना हात धुवायला शिकवून स्वतः उभ्याउभ्या खातेस?

आत्या


१० मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र शाळेत डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि हसले, म्हणून शिपाईमावशींनाही वाचून दाखवावं लागलं. त्या म्हणाल्या, तुमच्या आत्याला इकडेच घेऊन या, आमचा वेळ जाईल.

खचून जाऊ नकोस. शिकवण्यात एक गोष्ट मला कळली आहे, ती अशी की रागावून कोणी स्वच्छ होत नाही. पाय पुसून झाला की तिला एक घास द्यायचा, प्रत्येक पायाला एक. चार दिवसांनी घास कमी करायचे. मी मुलांना शाबासकी देते, कुत्रीला घास. तत्त्व तेच.

इथे मी सगळं तयार ठेवलं आहे. उंबऱ्याशी जाड पायपुसणं. पाय पुसायची फडकी वेगळ्या खुंटीवर. पोतेरीसाठी कोपरा ठरवला आहे, तिथे गॅलरीतून ऊन येतं. तिला भिंतीला अंग घासायची सवय आहे, तेवढी मोड. आपल्या घरी तिच्या उंचीला भिंतीवर काळा पट्टा पडला आहे ना, आणि दिव्याच्या बटणाभोवती ते काळं वर्तुळ, तसलं काही इथे व्हायला नको. इथल्या भिंती अगदी पांढऱ्या आहेत. नर्सबाई दर काही दिवसांनी वर येतात, बोलता बोलता भिंतीकडे बघतात. मला आता त्यांची भीती वाटत नाही. उलट वाटतं, स्वच्छता ही श्रीमंतांची गोष्ट नाही हे आपण दोघी दाखवून देऊ.

परवा एका पहिलीतल्या मुलीने विचारलं, "बाई, तुमच्या घरी कोण असतं?" मी म्हटलं, येणार आहेत. ती म्हणाली, "म्हणजे आत्ता कोणी नाही." मुलांना काही शिकवावं लागत नाही.

संध्याकाळी रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मी गॅलरीत जाते. काम काही नसतं. जाते एवढंच.

तारीख कळव. मी टेंपोची व्यवस्था करते.

तुझी मास्तरीण


२ एप्रिल

मास्तरीणबाई,

तारीख सांगायला मला फार आवडलं असतं. पण पोतेरी अजून शिकली नाही.

तुझे घास दिले. तीन पाय पुसू देते आणि चौथा पोटाखाली लपवून बसते. मी म्हटलं, चौथा? तर पहिला पुन्हा पुढे करते. तेवढ्यावर आणखी एक घास खाते. हिला हिशोब येतो पण स्वच्छता येत नाही. परवा आंघोळ घातली. अर्धी आंघोळ झाल्यावर सुटली, ती इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली गेली आणि तिथे अंग झाडलंन. इस्त्री केलेले सहा शर्ट पुन्हा इस्त्रीला. तो मला म्हणतो, "ताई, ही कुत्री नाही, सूड आहे." मग ती तशीच ओली जाऊन कोळशाच्या राखेत लोळली. आता तूच सांग, अशी ती कशी आणू? पालथ्या घड्यावर पाणी.

भिंती पांढऱ्या आहेत म्हणालीस. म्हणजे अगदी पांढऱ्या, की जरा पिवळट?

दुकानात हल्ली काम बरं आहे. लोकांच्या चेनी गंजतात, ब्रेक सैल होतात. कोणाला तरी ते बघावं लागतं. खाट लावलीस म्हणालीस, तर ती खिडकीशी नको, तिथे वारा लागेल. तुलाच लागेल म्हणते. तूच झोप तिच्यावर, रिकामी ठेवू नकोस. रिकाम्या खाटेवर धूळ बसते.

थोडं थांब. घाई करून उपयोग नाही.

आत्या


२७ मे

प्रिय आत्या,

मधल्या माझ्या दोन पत्रांना तू चार चार ओळींची उत्तरं दिलीस आणि दोन्हींत शेवटी तेच, की पोतेरी अजून शिकली नाही. आज जरा स्पष्ट लिहिते. रागावू नकोस.

मला वाटतं तू हे मनावर घेत नाहीस. रोज थोडं, त्याच वेळेला, त्याच फडक्याने केलं तर कुठलाही प्राणी शिकतो. मी चाळीस मुलांचा वर्ग सांभाळते, तुझ्याकडे एकच कुत्री आहे. तू तिला लाडावतेस आणि मग मला गमतीचं पत्र लिहितेस. मी हसते आणि आणखी एक महिना जातो.

इथे एक अडचण आहे. नर्सबाईंच्या ओळखीतली एक मुलगी खोली शोधते आहे. त्या म्हणाल्या, "तुझी माणसं येणार नसतील तर दुसरी खोली मी तिला देते. जूनअखेर सांग." त्यांचं चूक नाही. बंद खोली मीसुद्धा इतके दिवस कशाच्या जोरावर धरून ठेवू?

ती खोली गेली तर पुन्हा अशी जागा मिळणार नाही. कुत्री घेऊन राहू देणारी तर नाहीच.

आत्या, मी मोठमोठ्या गोष्टी बोलते, तू मला हसतेस, ते ठीक आहे. पण हे मी खरंच मनापासून ठरवलं होतं. शिकेन, नोकरी करेन आणि तुला त्या ग्रीसमधून बाहेर काढेन. मला दुसरं काही मोठं करायचं नाही. तू एवढंसुद्धा करू देत नाहीस असं हल्ली वाटतं.

मी रोज दोन्ही खोल्या पुसते. एका खोलीत तर कोणी पाऊलही टाकत नाही.

तुझी मास्तरीण


९ जून

बाळा,

खरं आहे तुझं. सगळंच खरं आहे.

सायकलीचे सुटे भाग आणणारा आपला टेंपोवाला बुधवारी तुमच्या गावावरून पुढे जातो आहे. त्याच्याबरोबर पोतेरीला पाठवते. माणूस ओळखीचा आहे, तिला पुढे आपल्याशेजारी बसवून आणेल. तिचं सामान गाठोड्यात बांधलं आहे. माझ्याच्याने ती शिकली नाही, आता तू शिकव. तू शिकलेली आहेस, तुला जमेल.

नर्सबाईंना सांग, निम्मी माणसं आली. खोली देऊ नका म्हणावं.

मी दुकानाचं बघून मागून येते. तू एकटी राहू नकोस, एवढंच मला हवं होतं. ती सोबतीला बरी आहे. जेवताना तोंडाकडे बघत बसते, म्हणजे माणूस दोन घास जास्त खातं.

तिला चढवायला मी टेंपोपर्यंत जाणार नाही. इस्त्रीवाला चढवेल.

आत्या


२१ जून

प्रिय आत्या,

पोतेरी सुखरूप पोचली. हे आधी लिहायला हवं होतं. पण त्या दिवसापासून पत्र लिहायला बसते आणि काय लिहावं ते सुचत नाही. आज आहे तसंच लिहिते.

टेंपोवाल्याने फाटकाशी सोडली. मला बघून ती वेडी झाली, कुईकुई करून माझ्याभोवती गोल गोल फिरली. मग जिना चढून वर आलो. दार उघडलं. मी तिला थांबवण्यासाठी पट्टा आवळला, पण गरजच नव्हती. ती उंबऱ्यावर आपणहून बसली आणि उजवा पाय पुढे केलान. मी फडकं अजून खुंटीवरून काढलंही नव्हतं. उजवा पुसला, तर डावा. मग ती उठली, वळली आणि मागचे पाय एकेक करून वर धरले. चौथासुद्धा. पुसून झाल्यावर घासासाठी थांबलीही नाही. सरळ आत गेली.

गाठोडं सोडलं. चादर धुतलेली, घडी घातलेली, तिच्यावर एक केस नाही. फणी. आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा. तो कशाला ते मला कळेना, म्हणून सहज चादरीवर फिरवून पाहिला. तेव्हा समजलं. रबराला केस चिकटून निघतात. म्हणजे हे तू किती दिवस करत असशील.

चादर कोपऱ्यात घातली, ती तिथे झोपली. खाटेकडे पाहिलंही नाही. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून चालते. भांड्यातलं पाणी पिऊन झालं की थाळीवर तोंड धरून थेंब गळू देते, मग निघते. नर्सबाई वर आल्या, तिला बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हिला कोणी शिकवलं? माझ्या वॉर्डात नव्या मुली यायच्या, त्यांना हे जमायला वर्ष लागायचं." मी म्हटलं, माझ्या आत्याने.

आत्या, हे आठ-पंधरा दिवसांत शिकवलेलं नाही. हे मलाही शिकवता आलं नसतं. मग तू मला इतके महिने काय लिहीत होतीस?

खोली जूनअखेरपर्यंत आहे. पण आता मी खोलीसाठी विचारत नाही. तुला यायचं नव्हतं का? नव्हतं तर तसं का नाही म्हणालीस?

पोतेरी जिन्याकडे तोंड करून बसते. कोणाचंही पाऊल वाजलं की उठते, बघते, पुन्हा बसते. तिचे पाय स्वच्छ आहेत. ती कुठे जातच नाही.

मास्तरीण


४ जुलै

बाळा,

पोतेरी मार्चमध्येच शिकली. तुझं घासांचं पत्र आलं आणि तो महिना संपायच्या आत शिकली. एप्रिलचं सगळं पत्र मी रचलं. त्यातली आंघोळ तेवढी खरी, पण ती आधीची, तुझ्या पहिल्या पत्राच्याही आधीची. इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "एवढं खोटं मला गिऱ्हाइकाला सांगता आलं असतं तर आज माझी लाँड्री असती."

का लिहिलं ते विचारतेस. मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही.

तू पोतेरीबद्दल लिहायचीस आणि मी ते वाचताना माझ्याबद्दलच वाचायचे. आत येताना पाय पुसायचे. वास यायला नको. भिंतीला टेकायचं नाही. ठरलेल्या जागी झोपायचं. तू माझ्याबद्दल लिहिलं नव्हतंस, मला कळत होतं. तुझ्या मनातसुद्धा नव्हतं. म्हणून तर बोलता येईना.

बटणाभोवतीचं काळं वर्तुळ पोतेरीचं नाही ग. तिचा पाय तिथवर पोचत नाही. ते माझ्या बोटांचं आहे. त्याआधी तुझ्या बाबांच्या.

ती शिकली तेव्हा मला वाटलं, आता आपला नंबर. लिंबू लावलं, सोडा लावला, इस्त्रीवाल्याने कसली तरी पूड दिली तीही लावली. हात सोलवटले, पण नखांच्या कडा आहेत तशाच. तो म्हणाला, काही दिवस काम बंद ठेवा, आपोआप उजळतील. ठेवलं बंद. दुकानाच्या पायरीवर हात मांडीवर घेऊन बसले. लोक चाकं घेऊन यायचे, मी म्हणायचे आज नाही. मला माझेच हात दुसऱ्या कोणाचे तरी सांभाळायला घेतल्यासारखे वाटायला लागले. पाचव्या दिवशी एका बाईची चेन पडली होती, तिला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. बसवून दिली. परत होतं तिथे.

मग ते वर्तुळ घासलं. म्हटलं, निदान इथलं तरी काढू. साबणाने निघेना म्हणून विटकरीच्या तुकड्याने घासलं. तर रंगासकट पोपडा आला. आता तिथे पांढरं झालंय. मी बटण कोपराने दाबते.

तुझ्या घरी आले असते तर दिवसभर कोपरानेच वावरले असते. तू काही म्हणाली नसतीस. पुसत राहिली असतीस माझ्यामागून. तुला ते करताना मी बघितलं असतं.

राग नाही, अजिबात नाही. तू मला या कामातून सोडवायला निघालीस, तुझं मन मोठं आहे. पण मला यातून सुटायचं नव्हतं, हे तुला सांगायचं कसं? तू त्यासाठी शिकलीस म्हणतेस.

पोतेरीला पाठवल्यावर घर इतकं स्वच्छ राहतं की बघवत नाही. एक केस शोधायला म्हणून काल खाटेखाली हात घातला. तूच शिकवलेलं सगळं इतकं नीट केलं होतं मी, की एकही सापडला नाही.

आत्या


१५ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शाळेत हात धुण्याचा धडा घेणार होते. घेतला. नखं कशी घासायची ते फळ्यावर चित्र काढून दाखवत होते, तर एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी आई रंगारी आहे, तिची नखं निळी असतात. ती घाण आहे का?" मी आजवर या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. काल म्हटलं, नाही. एवढंच. मग मुलांना ओळीने नळावर सोडलं.

तुला काय लिहू? मी क्षमा मागितली तर तू म्हणशील, वेडी आहेस का. म्हणून झालं ते सांगते.

संध्याकाळी खाली गेले. नर्सबाईंना म्हटलं, मी तुम्हाला दिलेला शब्द परत घ्यायला आले आहे.

"कुत्री बिघडली?"

"कुत्री नाही. माझी आत्या सायकली दुरुस्त करते. तिच्या हातांना ग्रीस असतं, कपड्यांना रबराचा आणि पंक्चरच्या सोल्युशनचा वास असतो. ती आली तर ते सगळं येणार. तुमच्या भिंतींना डाग पडणार. ते पडणार नाहीत असं मी म्हणाले होते, ते मला म्हणता येत नाही."

मला वाटलं खोली गेली. खरं तर ती गेलेलीच होती, जून कधीच संपला होता. पण त्या मुलीला त्यांनी अजून होकार दिला नव्हता. म्हणाल्या, "पांढरा चुना काढून खांद्यापर्यंत तेलरंग लाव. ओल्या फडक्याने निघतो. इस्पितळात आम्ही तेच करायचो. माणसं भिंत धरूनच चालतात, त्यांना काय सांगणार हात लावू नका म्हणून?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "जिन्याखाली जागा आहे. तिथे बसून काम करायचं असेल तर खाली पोतं अंथरायचं. आणि ते पोतं रोज झटकायचं." म्हणजे शेवटी नर्सबाई त्या नर्सबाईच.

मी या रविवारी रंग लावते आहे. कुठला लावू ते कळव. पांढरा सोडून कुठलाही.

आणखी एक सांगायचं आहे. पोतेरी आली त्या दिवशी गाठोडं सोडल्या सोडल्या मी चादर नाकाशी धरली होती. साबणाशिवाय तिला कसलाच वास नव्हता. तू इतकी स्वच्छ धुतली होतीस की त्यात आपलं घर उरलंच नव्हतं. मग रात्री तो ट्यूबचा तुकडा घेऊन त्याला नाक लावलं. पोतेरीही आली आणि तिनेही लावलं. आम्ही दोघी तशाच बसलो होतो. घरात वास नको म्हणून शब्द देणारी मीच.

ये असं म्हणत नाही. दुकान मोड असं तर कधीच म्हणणार नाही. पाने घेऊन ये, पंप घेऊन ये, आणि जमलं नाही तर परत जा. मी सुट्टीत तिकडे येईन, पोतेरीला घेऊन. पण एकदा येऊन तर बघ.

कधी येशील, तेवढं लिही.

तुझी मास्तरीण


२६ जुलै

मास्तरीणबाई,

रंग मातकट दे. निळा दिलास तर इस्पितळात असल्यासारखं वाटेल, आणि तिथे आधीच एक नर्स आहे.

इस्त्रीवाल्याला सांगितलं. म्हणाला, "तुम्ही गेल्यावर मी कोणाशी भांडू?" मी म्हटलं, दिवसभर गरम इस्त्री हातात असते, तिच्याशी भांड. मग दुकानाची किल्ली त्याच्याचकडे ठेवायचं ठरलं. आठवड्यातून एकदा दार उघडून वारा घालणार आहे. काही पुसू नकोस म्हणून बजावून ठेवलंय. अर्धे पाने बांधले, अर्धे खिळ्यांवर तसेच आहेत. मोठा पंप इथेच राहील, छोटा आणते. काय न्यावं आणि काय ठेवावं यात दोन दिवस गेले. शेवटी डोळे मिटून निम्मं निम्मं केलं.

तिथे मला किती दिवस जमेल ते आज सांगता येत नाही, आणि तूही विचारू नकोस. जिन्याखालचं पोतं रोज झटकेन, तेवढा शब्द माझा. तो तू देऊ नकोस, मी आल्यावर मीच देते.

कधी येणार ते विचारलंस. टेंपोवाल्याशी माझं ठरलं आहे. पण दिवस कळवणार नाही. दिवस कळला की तू पोतेरीला सांगशील, तुझ्या पोटात काही राहत नाही. आणि तिला एकदा कोणी येणार म्हणून कळलं की ती खाणंपिणं सोडून दारात बसते, ते माणूस दिसेपर्यंत उठत नाही. पाय पुसायला शिकवलं, थेंब गाळायला शिकवलं, पण एवढं काही तिला शिकवता आलं नाही.

तुलाही नाही.

आत्या